रोज एक खरे वाक्य

जून 2017 मध्ये सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाले. माझ्यापाशी तेव्हा इंग्रजी साहित्यातली एम.ए.ची पदवी होती, बी.एड.च्या सराव पाठांची टाचणे होती आणि एक निश्चय होता. वर्गात मराठीचा एकही शब्द उच्चारायचा नाही, हा तो निश्चय. बी.एड.ला आम्हाला भाषांतर पद्धतीचे तोटे आणि प्रत्यक्ष पद्धतीचे फायदे समोरासमोर दोन रकाने पाडून लिहायला लावत असत. पाच गुणांचा तो हमखास प्रश्न होता. मी ते दोन रकाने इतक्या वेळा लिहिले होते, की ते मला निसर्गनियमासारखे वाटू लागले होते.

नववी 'क' चा वर्ग मला मिळाला. पहिल्या तासाला मी आत शिरले, इंग्रजीतून माझी ओळख करून दिली, खडू उचलून दाखवला, खिडकीकडे बोट केले, हसले, हातवारे केले. बावन्न मुले माझ्याकडे अदबीने बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले आणि तिसऱ्या दिवशीही. असे अकरा दिवस गेले. हजेरीच्या 'येस मॅडम' खेरीज त्या वर्गातून एक अक्षर बाहेर आले नाही. या शांततेचा अर्थ मला कळत नव्हता हे एक, आणि दुसरे असे की मुख्याध्यापकांना तो भलताच कळला. व्हरांड्यातून फेरी मारून आल्यावर ते स्टाफरूममध्ये सर्वांसमोर म्हणाले, "नव्या मॅडमचा वर्ग कंट्रोल चांगला आहे हं!" मी तेव्हा सुखावले होते. हे कबूल करायला आज संकोच वाटतो, पण सुखावले होते खरी.

बाराव्या दिवशी एका मुलीला उभे करून मी धडा वाचायला सांगितला. तिने तो अडखळल्याशिवाय वाचला. मला आनंदाचे भरते आले. शाबासकी द्यायला म्हणून मी तिच्या बाकाशी गेले आणि पुस्तकात डोकावले, तर प्रत्येक इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात तीच ओळ देवनागरीत लिहिलेली. माझी चाहूल लागताच तिने पानावर हात ठेवला. ती इंग्रजी वाचत नव्हती, मराठी अक्षरे वाचत होती. त्या अक्षरांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता आणि तो कधी कुणी विचारलाही नव्हता. मधल्या सुट्टीत मी मुलांची पुस्तके चाळली. बावन्नांपैकी बहुतेकांची तशीच होती. काही पुस्तके मोठ्या भावंडांकडून आलेली होती आणि त्यांत ही देवनागरी ओळही वारशाने आली होती. ज्या मुलांनी पहिलीपासून आठ वर्षे इंग्रजी हा विषय घेतला, त्यांनी आपल्या सोयीसाठी शोधून काढलेली ही पद्धत होती. बी.एड.च्या पुस्तकात ती नव्हती. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा झडलेल्या वादात दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे अगदी स्पष्ट दिसत होते. त्या वादात या पेन्सिलीच्या ओळीला जागा नव्हती.

आता त्या मुलाविषयी. त्याचे नाव लिहीत नाही. तो शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसत असे. त्याची वही कोरी होती, म्हणजे अक्षरशः कोरी. मागच्या वर्गाच्या निकालपत्रकात त्याच्या इंग्रजीच्या गुणांसमोर जो आकडा होता, तो वर चढवलेला आहे हे कोणीही ओळखले असते. जुलैमधल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एस.टी. स्टँडवर उभी होते. तो उसाच्या रसाच्या गाड्यामागे मोबाईलवर मोठ्यामोठ्याने बोलत होता. मी कान दिला आणि चक्रावले. तो मराठी बोलत नव्हता. हिंदीही नव्हते ते, कानडीही नव्हते. तो भडाभडा बोलत होता, मध्येच चिडत होता, मध्येच खो खो हसत होता. फोन संपल्यावर मी विचारले, तेव्हा तो गोरामोरा झाला. "तमिळ हाय मॅडम. दुकानातला पोरगा हाय तिथला, दोस्त हाय माजा."

खानापूर, आटपाडी आणि माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, म्हणजे गलाईसाठी, देशभर पांगलेली आहेत, हे मी ऐकून होते. भारतातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात भट्टीशी बसलेला माणूस विट्याकडचा निघतो, असे इकडे अभिमानाने सांगतात. या मुलाच्या वडिलांचे दुकान तामिळनाडूत सेलमला होते. चौथीपर्यंत तो तिथे राहिला, मग आजीला सोबत म्हणून त्याला गावी धाडले.

"तमिळ कुणी शिकवलं तुला?"

"शिकलो न्हाई मॅडम," तो म्हणाला. "तितं खेळत हुतो."

ज्या मुलाला मी मनातल्या मनात भाषेसाठी नालायक ठरवले होते, त्याला मला येत नसलेली एक संपूर्ण द्राविडी भाषा येत होती. घरी जाऊन मी पाठ टाचणाची वही उघडली आणि पुढच्या आठवड्याचे काही लिहू शकले नाही.

इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास माझ्यासारखीला परीक्षेपुरता पाठ असतो. त्या रात्री तो पहिल्यांदाच उपयोगाचा वाटला. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्टने 1926 साली बंगालमधल्या द्विभाषिक मुलांविषयी लिहिताना, या मुलांना बोलण्याआधी वाचता येण्याची गरज आहे असे मांडले होते. एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांमध्ये जो प्रयोग केला, त्यात व्याकरण शिकवण्याऐवजी मुलांपुढे सोडवायला गोष्टी ठेवल्या. वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशा त्या गोष्टी असत, आणि त्या सोडवता सोडवता भाषा आपोआप यावी अशी अपेक्षा होती. दोघेही इथल्या मातीत, मोठमोठ्या वर्गांत उभे राहून विचार करणारे होते. आम्हाला मात्र ते दोन रकान्यांत भेटले. आणि त्याआधीचे तर्खडकर? त्यांची भाषांतर पाठमाला हा आमच्या बी.एड.च्या वर्गात विनोदाचा विषय होता. ज्या पुस्तकावर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजीच्या उंबरठ्याशी पोचल्या, ते पुस्तक आमच्यापैकी एकानेही उघडून पाहिले नव्हते.

सोमवारी मी वर्गात मराठीत बोलले. वर्गातून जो सुस्कारा उमटला, तो मी अजून विसरलेले नाही. मग मी सांगितले, की उद्यापासून प्रत्येकाने रोज इंग्रजीत एक वाक्य लिहून आणायचे. ते चुकले तरी चालेल, पण ते खरे असले पाहिजे. गाईडमधले नको, धड्यातले नको, काल तुमच्या घरी, रानात, रस्त्यावर जे घडले त्याचे. 'खरे' या अटीवर मी इतका जोर का दिला, हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते. आठ वर्षे इंग्रजी ही ज्यांच्यासाठी दुसऱ्याची वाक्ये उतरवण्याची भाषा होती, त्यांना निदान एकदा तरी ती स्वतःच्या गोष्टीसाठी वापरायला लागावी, एवढेच मनात होते.

पहिल्या आठवड्यात नव्वद टक्के वाक्ये 'आय गो टू स्कूल' या जातीची आली. मी ती परत केली. शाळेत येता हे मला दिसते आहे, मला न दिसलेले लिहा. मग हळूहळू वह्या बोलू लागल्या. 'माय ग्रँडमदर हॅज टेन शीप बट टुडे नाइन.' 'माय फादर फोन इज नॉट कम.' 'टेंभू वॉटर केम, माय अंकल अँड माय फादर फायटिंग.' 'आय अ‍ॅम नॉट स्लीप बिकॉज डाळिंब.' हे शेवटचे वाक्य समजायला मला दोन दिवस लागले. डाळिंबे काढायला व्यापारी येणार होता आणि चोरीच्या भीतीने सारे घर बागेत जागत होते. व्याकरणाच्या दृष्टीने ही सारी वाक्ये पांगळी होती. पण यांतल्या प्रत्येक वाक्यावर मुलाशी पाच मिनिटे बोलता येत होते, आणि 'आय गो टू स्कूल' वर एक मिनिटही नाही.

आणि चुका! चुकांविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण माझे इंग्रजीचे खरे शिक्षण त्या चुकांनी केले. एका मुलाने लिहिले, 'मँगो लाइक्स मी.' वर्ग हसला. मीही हसले. पण त्या रात्री लक्षात आले, की पोराने मराठीचा सांगाडा इंग्रजीत इमानदारीने नेला आहे. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात क्रियापद आंब्याच्या ताब्यात आहे; 'मी' बिचारा चतुर्थीत बसला आहे. आणि गंमत अशी, की इंग्रजीतही एके काळी हे क्रियापद असेच चालत असे. चॉसरच्या काळी आवडणारी वस्तू आवडणाऱ्या माणसाला 'लाइक' होत असे, माणूस तिथेही चतुर्थीतच होता. पुढे इंग्रजीने तो सांगाडा बदलला. म्हणजे आटपाडीच्या या पोराची चूक सहाशे वर्षांपूर्वी चूक ठरली नसती. हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. किती समजले कोण जाणे. पण ज्याच्यावर वर्ग हसला होता, तो मुलगा त्या दिवसानंतर हात वर करू लागला.

'हॅव' चा तास तर माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी एक होता, आणि त्याचे श्रेय माझे नाही. मराठीत 'हॅव' ला शब्द नाही. मी फळ्यावर मराठी वाक्ये लिहीत गेले. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे सायकल आहे. शेळीला शिंगे आहेत. त्याच्याकडे पन्नास रुपये आहेत. इंग्रजीत या साऱ्यांना एकच क्रियापद, मग मराठीत कधी 'ला' आणि कधी 'कडे' का? हा प्रश्न मी सहज टाकला होता; उत्तर मला ठाऊक नव्हते. बराच वेळ कुजबूज झाली आणि मधल्या रांगेतली एक मुलगी, जिने तोवर माझ्या वर्गात तोंड उघडले नव्हते, उभी राहून म्हणाली, "मॅडम, जे दुसऱ्याला देता येतंय ते 'कडं', आन् जे देता येत न्हाई ते 'ला'. भाऊ देता येत न्हाई. सायकल येती."

भाषाशास्त्रात या भेदाला भारदस्त पारिभाषिक नावे आहेत. ती तिला सांगावीत असे मला वाटले नाही. मी आनंदाच्या भरात पुढचे वाक्य फळ्यावर लिहिले: आम्हाला तीन एकर जमीन आहे. इथे तर 'ला' आहे. मग जमीन देता येत नाही?

वर्ग गप्प झाला. "न्हाईच देता येत," कुणीतरी म्हणाले. मागून दुसरा आवाज आला, "विकत्यात की." त्यावर कुणीच काही बोलले नाही. या तालुक्यात जमीन विकणे म्हणजे काय, हे त्या वर्गाला माझ्याहून जास्त माहीत होते. टोल पडला तेव्हा मला बरेच वाटले.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, मी एक अभ्यासक्रमाबाहेरचा उद्योग केला. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगुळे गाव याच तालुक्यात. 'बनगरवाडी' ही 1955 ची कादंबरी औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर रुजू झालेल्या पोरसवदा मास्तराची. तिच्या मास्तराला शिकवण्यापेक्षा गावाच्या इतर भानगडीच जास्त निस्तराव्या लागतात, हे वाचताना मला पूर्वी मौज वाटत असे; आता वाटेना. राम देशमुखांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 1958 साली 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' या नावाने निघाला. मी दोन्ही पुस्तके वर्गात नेली. मराठी नावात वाडीचे नुसते नाव आहे. इंग्रजी नावात गावाला भिंती नव्हत्या असे एक आख्खे वाक्य आहे. अनुवादकाने असे का केले असेल? एक मुलगा म्हणाला, इंग्रजांना बनगर म्हणजे कोण ते कळणार नाही म्हणून. दुसऱ्याने विचारले, वाडीला भिंत कधी असते का, मग नाही म्हणून सांगायचे कशाला? हा प्रश्न मला इंग्रजी साहित्याच्या कुठल्याही परिसंवादात शोभेल असा वाटला. मग आम्ही अर्धे पान अनुवादातून परत मराठीत आणले, मूळ न बघता, आणि नंतर माडगूळकरांच्या पानाशी ताडून पाहिले. ज्यांच्या घरी मेंढरे होती, ती मुले त्या दिवशी वर्गातली पंडित होती. शब्दकोशात न सापडणारे शब्द ती एकमेकांना समजावून सांगत होती.

तो शेवटच्या बाकावरचा मुलगाही आता लिहीत होता. त्याची वाक्ये सेलमच्या दुकानाची असत. भट्टी, मूस, तेजाबाचा वास, रस्त्यापलीकडचा चहावाला. स्पेलिंगच्या नावाने आनंद होता. पण वर्षाअखेरीस त्याच्या वहीत दीडशेच्या वर वाक्ये होती. त्यांत एकही उसने नव्हते.

इथवरची हकीकत सांगायला मला आवडते. अध्यापकांच्या बैठकांमध्ये मी ती सांगितलीही आहे, आणि तिथेच थांबले आहे. पुढचे सांगितलेले नाही.

ही मुले दहावीत गेली आणि मीही त्यांच्याबरोबर दहावीला आले. 2018-19 हे वर्ष दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष. त्या वर्षी भाषा विषयांचे शाळेकडचे तोंडी परीक्षेचे 20 गुण रद्द करून शंभराच्या शंभर गुणांची लेखी परीक्षा ठेवण्यात आली. ज्या मुलांना मी दीड वर्ष बोलायला लावत होते, त्यांच्या बोलण्याला आता गुणपत्रिकेत शून्य किंमत होती.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी 'अ' तुकडीला इंग्रजी शिकवत. निवृत्तीला तीन वर्षे राहिली होती. त्यांच्या हस्ताक्षरातला प्रश्नसंच तालुक्यात प्रसिद्ध होता. निबंधाचे बारा नमुने, पत्राचे आठ, प्रत्येकाचा सांगाडा ठरलेला, मधल्या जागा भरायच्या. मला त्यांच्या पद्धतीविषयी तिटकारा होता आणि तो मी फारसा लपवत नसे. डिसेंबरात एकदा ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. "मॅडम, तुमचं शिकवणं चांगलं आहे. मी व्हरांड्यातून ऐकतो. पण पोरांच्या जिवावर करू नका." मग त्यांनी स्वतःचे सांगितले. ते मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाले होते. वसतिगृहातल्या एका थोरल्या मुलाने तर्खडकरांची पाठमाला त्यांच्याकडून घोकून घेतली, तेव्हा तिसऱ्या खेपेला सुटले. त्यांच्या बॅचची कित्येक मुले त्या एका विषयापायी रानात परत गेली ती गेलीच. "पाठांतर वाईट, मान्य. पण पाठांतरानं मी खुर्चीवर बसलो आहे."

मी त्यांना उत्तर दिले नाही. जानेवारीत मी माघार घेतली, पण तीही अर्धवट. नमुन्यांच्या प्रती काढून वर्गात वाटल्या, आणि वाटताना चेहऱ्यावर असा भाव ठेवला, की हे आपले काम नव्हे. मुलांना असे भाव अचूक वाचता येतात. दुसऱ्या दिवशी तो मुलगा तो कागद घेऊन आला. नमुन्यातला निबंध समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचा होता.

"मॅडम, ह्यात लिवलंय ते खोटं हाय. म्या कवा समुद्र बघितला?"

मी काय म्हणायला हवे होते, याची उत्तरे मला आज डझनभर सुचतात. मी म्हणाले, "मग तू तुझं लिही."

मार्च 2019 मध्ये परीक्षा झाली आणि जूनमध्ये निकाल लागला. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. वर्तमानपत्रांनी अंतर्गत गुण गेल्याचे कारण दिले. पुढच्याच वर्षासाठी ते गुण परत देण्यात आले. त्या एकाच तुकडीचे गेले ते गेले. माझ्या वर्गातल्या, ओळीखाली देवनागरी लिहिणाऱ्या त्या मुलीला इंग्रजीत 78 मिळाले. तिने बाराही नमुने पाठ केले होते. त्याला 41 मिळाले. तो पास झाला; पण त्याला शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेला जायचे होते, आणि तिथला प्रवेश दहावीच्या टक्केवारीवर होतो. शेवटच्या फेरीतही त्याचा नंबर थोडक्यात हुकला. खासगी संस्थेची फी परवडणारी नव्हती. इंग्रजीत त्याला आणखी पंधरा गुण असते तर, हा हिशेब त्याच्या आजीने माझ्यासमोर केला नाही. मी तो स्वतः केला, आणि अजून करते.

मी त्याच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. अर्ज भरताना मला खात्री होती, की परीक्षकाने त्याच्यावर अन्याय केला असणार. कागद हाती आले. निबंधाच्या जागी त्याने वडिलांच्या दुकानाविषयी लिहिले होते. रात्री भट्टी विझल्यावर वडील जमिनीवरची धूळ झाडून, डब्यात भरून ठेवतात, कारण त्या धुळीत सोने असते, असे त्याने लिहिले होते. ते माझ्या आजवर तपासलेल्या निबंधांपैकी सर्वांत चांगल्यांमध्ये मोडेल. प्रश्नात दिलेल्या मुद्द्यांशी मात्र त्याचा काही संबंध नव्हता. पत्रात त्याने मजकूर नीट लिहिला होता. वर पत्ता नव्हता, तारीख नव्हती, मायना नव्हता, शेवटी सही करण्याची रीत पाळलेली नव्हती. परीक्षकाने प्रत्येक ठिकाणी गुण कापले होते आणि गुणदानाच्या निकषांप्रमाणे ते योग्य कापले होते. तक्रार करायला मला जागा मिळेना. पत्राचा मायना शिकवायला तीन तास पुरले असते. मी ते तीन तास घेतले नाहीत, कारण मला ते काम हलके वाटत होते.

मी स्वतः एम.ए.पर्यंत पोचले, ती कुठल्या खऱ्या वाक्यांच्या बळावर पोचले नव्हते. मीही नमुने पाठ केले होते, रकाने लिहिले होते. ते करून मी पलीकडे आले आणि पलीकडे उभी राहून त्या मुलाला सांगितले, की पूल वापरू नकोस, तो कुरूप आहे. आमचे ज्येष्ठ सहकारी निकालानंतर मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपला प्रश्नसंच एका फाईलमध्ये लावून माझ्या कप्प्यात ठेवला. ती फाईल आजही माझ्याकडे आहे. ते निवृत्त झाल्यावर 'अ' तुकडी मला मिळाली.

आता मी काय करते? ऑगस्टपर्यंत रोजचे वाक्य चालते, ते मी बंद केलेले नाही. सप्टेंबरात मी पत्राचा मायना शिकवते, मन लावून शिकवते, आणि मुलांना सांगते, की हा गणवेश आहे, परीक्षेला जाताना घालायचा. नमुने पाठ करून घेते. पण नमुन्यातला समुद्र काढून तिथे ज्याने त्याने आपला तलाव, आपला बाजार, आपली यात्रा घालायची. यात तडजोड आहे, आणि ती नेहमी जमतेच असे नाही. काही वर्षी वर्ग नुसताच घोकतो. काही वर्षी वाक्ये फुलतात आणि मायने विसरले जातात. प्रभूंचा 1990 सालचा एक प्रसिद्ध लेख आहे. सर्वोत्तम अशी पद्धत कुठलीच नसते, असे त्याच्या शीर्षकातच त्यांनी म्हटले आहे. शिक्षकाला आपण करतो आहोत त्यात अर्थ आहे असे आतून जाणवणे, ही त्यांच्या विचारातली मुख्य गोष्ट. मला तो लेख पटतो. फक्त एवढेच, की 2018 साली मला ते आतून फारच जोरात जाणवत होते.

तो मुलगा सेलमला वडिलांच्या दुकानात आहे. मधली चार वर्षे आमचा संपर्क नव्हता. मीच टाळत होते. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. दुकानाला नवा फलक करायचा होता, तमिळ आणि इंग्रजीत. "मॅडम, 'मेल्टिंग' लिवायचं का 'रिफायनिंग'? पेंटर म्हणतोय दोन्ही एकच."

मी म्हणाले, थांब, शब्दकोश बघून सांगते. मग मलाच वाटले, की शब्दकोशाला काय कळणार. मी त्याला विचारले, तुम्ही दुकानात नेमके काय करता ते आधी सांग.

तो सांगू लागला. जुना दागिना आला की मुशीत घालायचा, टाकणखार टाकायचा, वितळवून लगड पाडायची. एवढेच करणारी दुकाने वेगळी. त्यांच्या दुकानात पुढचेही होते. त्या सोन्यात मोजून चांदी मिसळायची, म्हणजे सोने चौथा हिस्सा उरेल इतकी, मग पातळ पत्रा करून तेजाबात टाकायचा. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळते, सोने तळाला तपकिरी भुग्यासारखे राहते. तो भुगा धुऊन पुन्हा वितळवायचा. चांदी आधी मिसळायची कशाला, असे मी विचारले. सोने जास्त असले तर तेजाब आत शिरत नाही, तो म्हणाला. हे सारे तो मराठीत सांगत होता, मधेमधे तमिळ शब्द येत होते, आणि दोन-तीनदा, माझ्यासाठी म्हणून असेल, त्याने इंग्रजी वाक्ये केली. ती बरोबर होती.

"म्हणजे तुमच्याकडं दोन्ही होतं," मी म्हणाले.

"व्हय. पण फलकावर दोन्ही बसंना, मॅडम. पेंटर अक्षराला पैसे घेतोय."

आम्ही बराच वेळ अक्षरे मोजत बसलो.